फायनलचं काही सांगू नका

त्या शेवटच्या स्पर्धेची फायनल कोण जिंकलं, हे मला आजही माहीत नाही. माहीत करून घ्यायला अर्धं मिनिटसुद्धा लागणार नाही, फोन हातातच असतो. पण बोलता बोलता कुणी तो विषय काढलाच, तर मी सरळ उठून दुसऱ्या खोलीत जाते. लोकांना वाटतं, बाई जरा विक्षिप्तच आहे. वाटू दे.

कॉन्फेडरेशन कप असं त्या स्पर्धेचं नाव. वर्ल्ड कपच्या आदल्या वर्षी, वर्ल्ड कप जिथे व्हायचा असेल त्याच देशात ती भरायची. प्रत्येक खंडाचा विजेता देश, शिवाय यजमान आणि जगज्जेता, असे मिळून आठ संघ. फुटबॉलचं वेड असलेली माणसंसुद्धा तिला फारसं विचारत नसत. पुढे ती बंदच करून टाकली. बंद झाल्याची बातमी मी कुठेतरी दोन ओळींत वाचली. आमच्या घरात त्यावर हळहळणारा माणूस तोवर उरला नव्हता.

मला स्वतःला फुटबॉल आवडत नाही, हे आधीच सांगून टाकते. बावीस माणसांनी दीड तास घाम गाळायचा आणि शेवटी शून्य-शून्य, यात काय बघायचं ते मला कधी कळलं नाही. पण बाबा कोल्हापूरचे. तिथे पेठापेठांचे संघ असतात, मॅच असली की दुकानं लवकर बंद होतात आणि हरलेल्या पेठेत रात्री जेवणं नीट होत नाहीत, हे दिल्लीत कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. बाबा आणि त्यांचे मोठे भाऊ, म्हणजे माझे काका, दोघंही पेठेच्या संघात होते. काका बॅकला खेळायचे आणि बाबा बहुतेक वेळा राखीव असायचे. एका वर्षी त्यांचा संघ कोल्हापुरात पहिला आला आणि मोठ्या ऐटीत मुंबईच्या एका स्पर्धेला गेला. तिथे पहिल्याच मॅचमध्ये अशी धुलाई झाली की परत येताना एसटीत कुणी कुणाशी बोलेना. तेव्हा काका मधल्या जागेत उभे राहून म्हणाले होते, "आरं, तोंडं काय पाडताय? राजे म्हणूनच बोलवलं होतं की आपल्याला!"

बाबांना ही स्पर्धा का आवडायची, त्याचं कारण त्या एसटीत आहे असं मला वाटतं. तिकडच्या पॅसिफिक बेटांमधला एक संघ दर वेळी आपल्या खंडाचा राजा होऊन यायचा आणि बहुतेक वेळा एकही मॅच न जिंकता परत जायचा. कधी न्यूझीलंड असे, एकदा ताहिती होतं. बाबा कायम त्यांच्याच बाजूने. "मोठ्यांच्या बाजूने ओरडायला काय लागतं," असं म्हणायचे.

बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत लागून दिल्लीला आले आणि काका कोल्हापुरात लेथचं छोटं वर्कशॉप चालवत राहिले. त्यानंतर या दोन भावांनी एकही मॅच एका खोलीत बसून पाहिली नाही. लग्नकार्याला भेटी व्हायच्या, पण तेव्हा नेमकी मॅच नसायची. दिल्लीतल्या आपल्या राज्याच्या अतिथिगृहात कोल्हापूरचं कुणी कामाला आलं की काका त्याच्याबरोबर कांदा-लसणाच्या चटणीची बरणी पाठवायचे, आणि बाबा ती आणायला सुट्टी काढून जायचे. स्पर्धा संपली की फोनवर हमखास एकच बोलणं. पुढची एकत्र बघायची, तू ये, नाही तूच ये. पुढची म्हणजे चार वर्षांनी. तेवढ्यात कधी बाबांची रजा मंजूर होत नसे, कधी काकांची ऑर्डर अडकलेली असे.

आता आमच्या घरचा कायदा सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

बहुतेक मॅच मध्यरात्री असायच्या आणि बाबांना ऑफिसला नेणारी सकाळची चार्टर्ड बस पकडायची असायची. म्हणून त्यांनी करोल बागेतून एक जुना व्हीसीआर आणला होता, पुढे सेट-टॉप बॉक्स आला. रात्री मॅच रेकॉर्ड करायची आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आल्यावर हातपाय धुऊन निवांत बघायची. तोवर स्कोअर त्यांना कुणीही सांगायचा नाही. या बाबतीत बाबा इतके कडक की खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनासुद्धा जिन्यात बजावून ठेवायचे, "भाईसाब, मैच का कुछ मत बोलना." त्यावर ते बिचारे गोंधळून विचारायचे, "कौन सा मैच, जी?" दिल्लीत त्या स्पर्धेचा स्कोअर बाबांना कोण सांगणार होतं, देव जाणे.

खरा धोका एकच होता, काका. ते रात्रभर जागून मॅच बघायचे आणि सकाळी फोन करायचे. बाबांनी उचलला तर बाबा "दादा, ठेव!" एवढंच ओरडून फोन आपटायचे आणि पलीकडून काकांचं हसणं ऐकू यायचं. म्हणून त्या दिवसांत फोन आईच उचलायची. काकांच्या पोटात तर काही राहत नाही. आई "भाऊजी, नका सांगू" म्हणेपर्यंत त्यांचं सांगून झालेलं असायचं. कॉर्नर म्हणजे काय हेसुद्धा जिला ठाऊक नाही, त्या माझ्या आईला घरात सगळ्यात आधी स्कोअर कळायचा आणि तो तिला दिवसभर सांभाळत बसावं लागायचं.

ताहिती आलं होतं तो दिवस मला आठवतो. बाबा ऑफिसातून आले, आईने चहाचा कप आणून समोर ठेवला आणि आम्ही तिघं टीव्हीपुढे बसलो. ताहितीच्या संघात बरेचसे पोटापाण्यासाठी दुसरी कामं करणारे लोक होते. गोल होत राहिले, सगळे समोरच्यांचे. मी कंटाळून फोनमध्ये डोकं घातलं होतं आणि एकदम बाबा ओरडले. ताहितीने एक गोल केला होता. ते खेळाडू मैदानावर ओळीने खाली बसले आणि होडी वल्हवल्यासारखे हात करायला लागले. बाबासुद्धा सोफ्यावरून उतरून जमिनीवर बसले आणि वल्हवू लागले. पोट सुटलेला, बनियनमधला सरकारी अधिकारी. आई पदर तोंडाला लावून हसत होती. पुढच्या मॅचमध्ये त्यांनी दहा गोल खाल्ले, तीही बाबांनी एक सेकंद पुढे न ढकलता शेवटपर्यंत बघितली.

त्यानंतरची स्पर्धा आली तेव्हा बाबा निवृत्त झालेले होते आणि मी दिल्लीजवळ मानेसरला गाड्यांच्या सुट्या भागांच्या एका कंपनीत एचआरमध्ये होते. आता बसची घाई नव्हती, तरी कायदा बदलला नव्हता. रेकॉर्ड केलेली मॅच सकाळी आंघोळ झाल्यावर बघायची. यंदा मात्र बाबांच्या मनात वेगळंच होतं. जूनमध्ये कोल्हापूरला जायचं, महिनाभर दादाकडे राहायचं आणि सगळ्या मॅच एकत्र बघायच्या. तिकिटं काढायची म्हणून ते माझ्या मागे लागले होते.

एप्रिलमध्ये त्यांना कावीळ झाली. साधी असेल असं वाटलं होतं. तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी मला आणि आईला कॉरिडॉरमध्ये बोलावलं आणि शांतपणे सांगितलं की स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, पसरलेला आहे, काही महिने म्हणा. ते सांगून लगेच पुढच्या पेशंटकडे गेले. मला त्या माणसाचा इतका राग आला की मी त्याच्या मागे जाणार होते. आईने माझा हात धरला.

"त्यांना सांगायचं नाही," ती म्हणाली.

"आई, असं कसं चालेल?"

"त्यांना आधी कळलेलं आवडत नाही. जन्मभर बघतेयस ना?"

"अगं, ती मॅच असते!"

आई तोंड आवळून उभी राहिली. दिवसभर स्कोअर सांभाळताना तिचा चेहरा असाच असायचा. मी पुढे वाद घालू शकले नाही. बाबांना सांगितलं, पित्ताच्या नळीत अडथळा आहे, छोटी नळी बसवली की कावीळ उतरेल. काकांना तर काहीच कळवायचं नाही असं आईने ठरवलं, कारण काकांना कळलं की बाबांना कळलंच.

या कायद्याने काय घोटाळा केला, तो मला तेव्हाच दिसायला लागला होता. बाबा बरे होणार असं एकदा म्हटल्यावर कोल्हापूरची घाई करायचं कारणच उरलं नाही. बाबा तिकिटांचं विचारायचे आणि आई म्हणायची, "एवढ्या उन्हात कुठे? अंगात ताकद येऊ दे. यंदा इथेच बघा, पुढच्या वेळी नक्की जाऊ." पुढच्या वेळी! मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायची. मला आईचा राग यायचा, तिची कीवही यायची, आणि दोन्ही एकदम आलं की मला रडू यायचं नाही, डोकंच दुखायचं.

स्पर्धा सुरू झाली. यंदा बेटांकडून न्यूझीलंड होतं. पहिल्या दोन मॅच कायद्याप्रमाणे रेकॉर्ड झाल्या. बाबा सकाळी उशांना टेकून बघायचे, मध्येच डोळा लागायचा, मग मी मागे नेऊन पुन्हा लावून द्यायची. दोन्ही हरले. तिसरी मॅच शनिवारी होती, आपल्याकडे रात्री साडेआठची. मी सवयीने रिमोट घेऊन रेकॉर्डिंग लावायला गेले.

"आज रेकॉर्डिंग नको," बाबा म्हणाले. "आत्ताच बघू."

आई आत कणीक मळत होती. मी बाबांकडे बघितलं. ते टीव्हीकडे बघत होते. समोर पोर्तुगाल होतं, त्यामुळे काय होणार ते मलासुद्धा कळत होतं. पहिला गोल झाल्यावर बाबा हळू आवाजात म्हणाले, "तुला एक गंमत सांगू? मला स्कोअर कायम आधी कळायचा."

"कसा? काका सांगायचे?"

"छे! तुझी आई." त्यांना हसू आलं. "आपल्याकडे चहा मागितल्याशिवाय मिळतो का कधी? तिचं तत्त्वच आहे ते. पण आमचे हरले असले की मी घरात पाय टाकायच्या आत चहा समोर. पहिल्यापासून."

मी आठवून बघितलं. ताहितीच्या मॅचला आणून ठेवलेला तो कप मला दिसला.

"मग मॅच बघण्यात मजा कसली, बाबा?"

"यायची की मजा. हरणार हे ठाऊक असलं म्हणून काय झालं? कसे खेळले ते बघायचं असतंच." मग म्हणाले, "एप्रिलपासून रोज चहा न मागता येतोय."

मी त्यांचा पाय दाबायला घेतला, एवढंच आठवतं. पोर्तुगालचा दुसरा गोल झाला. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो इतका हलका झाला होता की मला धसका बसला.

"आईला सांगू नकोस मला कळलंय ते," ते म्हणाले. "ती एवढं सांभाळतेय, सांभाळू दे. पण दादाला बोलाव. त्याला फोनवर काही सांगायचं नाही, मी सांगेन समोर बसून. फायनल एकत्र बघू आम्ही."

आईला मी ते अजूनही सांगितलेलं नाही. तिला वाटतं, बाबा काही न कळता गेले, आणि त्यातच तिचं समाधान आहे.

दुसऱ्या दिवशी बाबांनी स्वतः काकांना फोन केला. आवाजात जोर आणून बोलत होते. "दादा, तू ये. फायनल रेकॉर्ड करून ठेवतो, आल्यावर बघू. आणि हे बघ, तू आधी बघायची नाहीस. पेपर नाही, फोन नाही, कुणाला विचारायचं नाही. आयुष्यात एकदा आमच्या पद्धतीने बघ!" काका पलीकडून एवढ्या मोठ्याने हो म्हणाले की मला बाजूला ऐकू आलं. विमानात ते बसत नाहीत. सुट्टीची गर्दी, गाडीचं तिकीट मिळालं ते मिरजेहून रविवारचं, म्हणजे फायनलच्याच दिवसाचं. बाबा म्हणाले, बरंच झालं, गाडीत असल्यावर बघणार कशी? मी हिशेब करत होते, बाबांकडे बघत होते आणि मनातल्या मनात त्या गाडीला पुढे ढकलत होते.

बुधवारी बाबांनी स्वतःच्या हाताने फायनलचं रेकॉर्डिंग लावलं. रिमोट दोन्ही हातांत धरावा लागला त्यांना. शुक्रवारी ताप चढला आणि त्यांना हॉस्पिटलमध्ये हलवलं. शनिवारी त्यांनी मला दोनदा विचारलं, "लाल दिवा लागलाय ना बॉक्सवर?" मी म्हटलं, लागलाय. रविवारी रात्री आमच्या रिकाम्या घरात ती मॅच आपोआप रेकॉर्ड झाली. सोमवारी दुपारी बाबा गेले. आई उशाशी बसली होती. तिने त्यांच्या पांघरुणाची चुणी सरळ केली आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, "भाऊजींना गाडीत काही सांगू नकोस हं. एकटे आहेत. वय झालंय."

पुन्हा तेच. पण या वेळी मला राग आला नाही. दुसरं काय करणार होतो आम्ही? संध्याकाळी काकांचा फोन आला, गाडी भोपाळच्या अलीकडे कुठेतरी होती. "त्याला दे जरा," काका म्हणाले. बाबा झोपलेत, असं मी सांगितलं. "झोपू दे, झोपू दे. उद्या जागायचंय त्याला," ते म्हणाले आणि फोन ठेवला. बाबांना हॉस्पिटलच्या शवागारात ठेवलं होतं, मोठा भाऊ आल्याशिवाय पुढचं काही करायचं नव्हतं.

मंगळवारी सकाळी मी निजामुद्दीन स्टेशनला गेले. जाताना टॅक्सीत चार प्रकारची वाक्यं जुळवली होती. गाडी वेळेवर आली, याचासुद्धा मला राग आला. आधी कधी आली होती वेळेवर? काका डब्याच्या दारातच उभे होते. सत्तरी ओलांडलेला माणूस, अंगात पेठेच्या संघाचा कोरा टी-शर्ट, पोटावर घट्ट बसलेला. हातातल्या पिशवीतून तसलाच दुसरा टी-शर्ट डोकावत होता, त्याच्याखाली चटणीची बरणी. मला बघितल्याबरोबर त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही हात कानांवर ठेवले.

"काही सांगू नकोस हं! एक शब्द बोलायचा नाही. गाडीत एक पोरगं फायनलचं बोलायला लागलं, त्याला गप केलं बघ मी. पेपरवाला आला तर डोळे मिटून बसलो. लई अवघड काम आहे गं हे, तुझ्या बापाला कसं जमतं इतकी वर्षं?"

मी तोंड उघडलं, पण जुळवलेल्या चारपैकी एकही वाक्य आठवेना. शेजारी चहाचा ठेला होता. माझे पाय तिकडे कसे वळले ते मला माहीत नाही. मी एक चहा घेतला आणि आणून काकांच्या हातात दिला.

काकांनी कपाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मी कुठं मागितला चहा?" ते हसून म्हणाले. "घरी जाऊन त्याच्याबरोबर घेऊ की."

मी त्यांच्या पायाशी ठेवलेली पिशवी उचलली आणि सांगितलं.